मोगऱ्याच्या कुंडीतली माती

आमचे घरमालक खुरपं घ्यायला आले की शेतीऔजारांचा दुकानदार पंखा बंद करायचा. सोलापूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद झाला की कुठलंही गिऱ्हाईक लवकर काढता पाय घेतं, असा त्याचा अनुभव. अप्पांवर हा इलाज चालत नसे. ते दुकानाच्या मधोमध उकिडवे बसायचे, खुरपं मुठीत धरायचे आणि फरशीवरचं नसलेलं गवत काढत काढत दारापासून गल्ल्यापर्यंत सरकत जायचे. मग उठून दुसरं खुरपं घ्यायचे आणि गल्ल्यापासून दारापर्यंत परत यायचे. बाकीची गिऱ्हाइकं त्यांना वळसा घालून आत-बाहेर करायची. सदरा घामानं पाठीला चिकटलेला असायचा, पण चेहऱ्यावर घाई म्हणून नाही.

"ह्येची मूठ जाड हाय. मनगट भरून यालंय. दुसरं दाखवा."

"अप्पा, तुमच्या गच्चीवर कुंड्या त्या किती! आन् गवत तरी कुटं उगवतंय त्यात?" दुकानदार कळवळून विचारायचा.

"कुंड्या किती बी असू द्या. मनगट तर ह्येच वापरायचं हाय की."

आणि मग माझ्याकडे वळून, शाळेत धडा समजावून सांगावा तसं सांगायचे, "सर, हत्यार दुकानातच चुकत असतंय. घरी गेल्यावर ते नुसतं कळतंय."

मी त्यांचा भाडेकरू. मूळचा मोडनिंबचा. सोलापुरात एका शाळेत भूगोल शिकवायला आलो आणि जुळे सोलापुरातल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर दोन खोल्या होत्या, त्यात राहिलो. खाली अप्पा आणि अक्का. मुलगी लग्न होऊन पुण्याला. अप्पा रेल्वेच्या स्टोअरमधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी लोकांना हत्यारं देण्यात आणि ती परत घेताना नाक मुरडण्यात गेली होती. नवराबायको एकमेकांशी कानडीत बोलायचे, माझ्याशी मराठीत. झाडांशी अप्पा कुठल्याच भाषेत बोलत नसत. झाडांशी गप्पा मारणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी राग होता. "बोलून काय व्हतंय? त्येला पाणी द्या की," म्हणायचे.

बाग माझ्या दारासमोर होती, म्हणजे गच्चीवर. बाग म्हणायचं आपलं. त्या घराच्या गच्चीवर मी जितकी झाडं मेलेली पाहिली तितकी मोडनिंबच्या आमच्या शेतातही पाहिली नाहीत. उन्हाळ्यात स्लॅब असा तापायचा की चप्पल न घालता दोरीवरचे कपडे काढायला जाता येत नसे. नळाला पाणी मनाला येईल तेव्हा यायचं, मध्ये कित्येक दिवस कोरडे जायचे. बोअरला पाणी होतं, पण मचूळ. त्या पाण्यानं बादलीच्या कडेला पांढरी पुटं चढायची आणि कुंडीतल्या मातीवर चुना उधळल्यासारखं दिसायचं. जास्वंद गेली, चाफा गेला, गुलाबांची तर गणतीच नको. कोपऱ्यात रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवलेल्या असत आणि ती चळत वाढतच जाई.

अप्पांइतका निराश माळी मी दुसरा पाहिलेला नाही. बाकीचे लोक रोप आणलं की त्याच्या फुलांची स्वप्नं बघतात. अप्पा नवं रोप पिशवीतून काढायचे, चारी बाजूंनी बघायचे आणि म्हणायचे, "हे बी मरणार." म्हणून होताच कामाला लागायचे. कुंडीच्या भोकावर खापरी ठेवायची, माती चाळायची, खत मोजूनमापून मिसळायचं. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरलाही हेवा वाटावा असं ते सगळं चालायचं. एकदा मी न राहवून विचारलं, "अप्पा, मरणारच आहे तर एवढा खटाटोप कशाला?"

त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "मरणारच हाय ओ सर. पण आपल्या चुकीनं मरू नये. तेवढंच आपल्या हातात हाय."

त्या गच्चीत राहून मलाही बागेचा किडा चावला. मी फोनवरून एक बागकामाचा संच मागवला. गुलाबी मुठींची चिमुकली हत्यारं, सोबत हातमोजे. अप्पांनी पुडकं स्वतः उघडलं. खाली वर्तमानपत्र पसरलं, एकेक हत्यार त्यावर मांडलं आणि त्यातला काटा उचलून नुसत्या अंगठ्यानं वाकवून दाखवला. मग छोटं फावडं हातात घेऊन बराच वेळ विचार केला.

"हे भात वाढायला चांगलं हाय," ते म्हणाले, आणि खाली जाऊन खरोखरच अक्कांना देऊन आले. अक्कांनी ते ज्वारीच्या पिठाच्या डब्यात टाकलं. पीठ काढायला ते इतकं सोयीचं निघालं की पुढं कायम तिथंच राहिलं.

त्या दिवशी मला हत्यारांची दीक्षा मिळाली. खुरपं, लहान कुदळ, कात्री आणि झारी. एवढंच. "पाचवं हत्यार माणसाच्या हावेचं असतंय," असं त्यांचं म्हणणं. खुरप्याचं पातं नखानं टिचकी मारून ऐकायचं. कात्रीनं दुकानातच एक कागद कापून बघायचा, आणि कागदाला सुरकुती पडली की कात्री खाली ठेवायची. झारीची परीक्षा सगळ्यांत अवघड. दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागून घ्यायचे, झारीत ओतायचे, टोपी काढायचे आणि भर रस्त्यात स्वतःच्या टकलावर झारी धरायचे. "टाळूला बोचलं की रोपाला बोचणार." माझी झारी घेताना त्यांनी मला डोकं पुढं करायला लावलं. माझ्या वर्गातली दोन मुलं समोरून जात होती. दुसऱ्या दिवशी शाळेत व्हायचं ते झालं.

खताच्या बाबतीत तर विचारू नका. शेणखत आणायला आम्ही माझ्या मोटारसायकलवरून होटगीच्या अलीकडे एका गवळ्याकडे जायचो. अप्पा बाही वर सारायचे आणि ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून डोळे मिटून उभे राहायचे. गवळी, मी आणि म्हशी, सगळे गप्प. मग हात काढून म्हणायचे, "गरम हाय. ह्येचा राग अजून गेला न्हाय. राग गेल्यावर येतो." की आम्ही रिकाम्या पोत्यानिशी परत. ताजं खत आतून पेटलेलं असतं, हात पोळला तर मूळही पोळणार, हे त्यांनी मला वाटेत ओरडून ओरडून सांगितलेलं. युरियाचं नाव काढलेलं खपायचं नाही. "ते लग्नातलं जेवण. एक दिवस मजा, दुसऱ्या दिवशी पोट धरून बसायचं. शेणखत म्हंजे घरची भाकरी."

एकदा दुकानदारानं मोगऱ्यासाठी म्हणून एक पुडा पुढं केला. हाडांचा चुरा. फुलं धरायला ह्यासारखं खत नाही, असं तो सांगत होता. अप्पांचा हात आपोआप गळ्यातल्या इष्टलिंगाकडे गेला आणि ते दोन पावलं मागं सरकले.

"उचला ते. माझ्या घरात हे येणार न्हाय."

"अप्पा, झाड काय शाकाहारी असतंय होय?"

"झाडाचं मला म्हाईत न्हाय. पण ती फुलं हिच्या पूजेला जातेत. हाडावर वाढलेली फुलं लिंगाला व्हायची? फुलं न्हाय आली तरी चालंल."

ती फुलं म्हणजे अक्कांच्या मोगऱ्याची. सगळ्या गच्चीत तेवढं एकच झाड वर्षानुवर्षं टिकलेलं. अक्कलकोटच्या पलीकडं अक्कांचं माहेर, तिथून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी आणली होती. दोन हातांच्या कवेत मावेल अशी मातीची कुंडी. आणि गंमत अशी, की तो मोगरा अप्पांचे सगळे नियम मोडून वाढलेला. अक्का त्याला तांदळाचं धुवण घालायच्या, चहाचा चोथा घालायच्या, आठवण राहिली तर पाणी, नाही तर नाही. अप्पा हळूच शेणखत घेऊन आले की त्या जिन्यातूनच ओरडायच्या, "साकु, री, साकु!" म्हणजे पुरे हो, पुरे. नवऱ्याला त्या 'री' अशी हाक मारायच्या. सकाळी पहिलं फूल पूजेला, दुसरं स्वतःच्या अंबाड्याला, आणि तिसरं असलंच तर माझ्या खिडकीच्या कठड्यावर. मी एकटा राहतो, तर खोलीला जरा वास असू दे म्हणून.

अप्पांचा खरा वैरी कोण म्हणाल तर मीठ. पाण्यातलं, खतातलं, मातीतलं. नवी माती आणली की ते चिमूटभर जिभेवर ठेवायचे आणि थुंकायचे. एका रविवारी मी खोलीत मिठाच्या पाण्यात शेंगा उकडल्या आणि ते पाणी गार करून एका शेवंतीच्या कुंडीत ओतलं. म्हटलं, पाणी वाया कशाला घालवा. अप्पा कपडे वाळत घालायला वर आले होते. त्यांनी ओला सदरा तसाच खाली टाकला, कुंडी पालथी केली, सगळी माती बाहेर काढली, मुळं नळाच्या साठवलेल्या गोड्या पाण्यानं धुतली. हे सगळं एक शब्द न बोलता. "मीठ बसलं की झाड पाण्यात उभारून तहानेनं मरतंय, सर," एवढंच जाताना म्हणाले. पुढं आठवडाभर माझ्याशी अबोला.

आणि मग ते मीठ अक्कांच्या मागं लागलं. त्यांचे पाय सुजायला लागले, मग चेहरा. डॉक्टरांनी मूत्रपिंडांचं सांगितलं आणि मीठ बंद केलं. अप्पांनी ते इतकं मनावर घेतलं की घरातली मिठाची बरणीच माझ्या खोलीत आणून ठेवली. स्वतःही अळणी जेवायला लागले. अक्कांच्या ताटातला पहिला घास ते स्वतः चाखायचे, मगच ताट पुढं सरकवायचे. शेजारणीनं आमटी पाठवली तर वाटी तशीच परत.

"झाडाला मीठ नको, मला नको," अक्का मला म्हणाल्या. "मग ह्या घरात मीठ खायाचं कुणी ओ सर?"

"मी आहे की अक्का."

"खावा. तुमी तरी खावा."

त्या हसल्या, पण त्या वर्षात अक्का विझत गेल्या हे मला दिसत होतं. सोलापूरच्या बाईला भाकरीबरोबर शेंगाची चटणी नाही म्हणजे जेवणच नाही. जिना चढवत नसे, तरी एका संध्याकाळी धापा टाकत वर आल्या, मोगऱ्याजवळ टेकल्या. मी मिठात उकडलेल्या शेंगा खात बसलो होतो. त्यांनी वाटीतली एक शेंग उचलली, जिभेच्या टोकाला लावली, आणि परत वाटीत ठेवली.

"नको. त्येनी वळखतेत," म्हणाल्या.

इतकं सांभाळून शेवटी व्हायचं ते झालंच. ऐन उन्हाळ्यात, मोगरा फुलांनी लगडलेला असताना अक्का गेल्या. त्यांना दवाखान्यातून आणलं तेव्हा अप्पा अंगणात उभे होते. रडले नाहीत. मला म्हणाले, "सर, वरची फुलं तेवढी काढून आणा." मी सगळी आणली. कळ्यासुद्धा.

त्यांच्या लिंगायत समाजात दहन नसतं, माती देतात. खड्डा खणून त्यात माणसाला बसवतात, आणि भोवतीनं विभूती आणि मीठ भरतात. मला हे ठाऊक नव्हतं. आमच्याकडे मोडनिंबला मी जाळलेलीच माणसं पाहिलेली. खड्ड्याच्या काठाला पोती उभी होती. नातेवाइकांनी ती सुतळी कापून उघडली आणि आत रिती करायला सुरुवात केली. पांढरंशुभ्र जाडं मीठ. अक्कांच्या गुडघ्यापर्यंत आलं, कमरेपर्यंत आलं, खांद्यापर्यंत आलं. स्वामी मंत्र म्हणत होते. अप्पा माझ्या शेजारी उभे राहून ते बघत होते.

"वरसभर हिला चिमूटभर दिलो न्हाय मी," ते म्हणाले. "तोंडापुढचं ताट वढून घेतलो." आणि मग, "सगळं आता दिलेत बघा."

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता, त्या उन्हात.

मग मूठमाती सुरू झाली. एकेकजण वाकून मूठभर माती आत टाकत होता. अप्पांची पाळी आली तेव्हा ते काठाला उकिडवे बसले, एक मूठ आत टाकली, आणि खांद्यावरचा टॉवेल पसरून एक मूठ त्यात. पुन्हा एक आत, एक टॉवेलात. लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक वयस्कर भाऊबंद पुढं झाले.

"अप्पा, हे काय करालाव? तितली माती घरी न्यायची नसती."

अप्पांनी वर पाहिलंच नाही. पोती जिथं उघडली होती तिथंच, अक्कांच्या अगदी जवळ बसले होते ते. तिथल्या मातीत सांडलेलं मीठ होतं, विभूती होती. त्यांनी ती सगळी मिळून ओंजळी भरल्या, टॉवेलाची गाठ मारली आणि ते गाठोडं पोटाशी धरून घरी चालत आले. पुण्याहून आलेली मुलगी रडत त्यांच्या मागून येत होती. ती म्हणाली, "असू दे. न्हेऊ दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गच्चीवर आले. मोगऱ्याच्या कुंडीतली वरची माती त्यांनी खुरप्यानं हलकेच मोकळी केली, मुळांना धक्का न लावता. टॉवेलातली माती तिच्यात मिसळली, कडेकडेनं दाबली आणि झारीनं पाणी दिलं. चाळली नाही. जिभेवर ठेवून बघितली नाही. त्या गच्चीवर मातीचा कण आणि खताचा दाणा तपासल्याशिवाय कुंडीत गेलेला मी त्यापूर्वी पाहिलेला नव्हता. मग दोन्ही हात कुंडीच्या काठावर ठेवून ते खूप वेळ बसून राहिले, आणि मी शाळेला निघून गेलो.

पानांच्या कडा आधी तपकिरी झाल्या. मला वाटलं, ऊन. मग कळ्या उमलायच्या आधीच गळायला लागल्या. मग एका सकाळी मातीवर पांढरी साय धरलेली दिसली. अप्पा शेजारीच बसले होते. मी त्यांना सांगायला तोंड उघडलं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून कळलं, की त्यांना माझ्याआधीच ठाऊक आहे.

"अप्पा, अजून वेळ गेलेली नाही," मी म्हटलं. "झाड काढू, मुळं धुऊ, दुसऱ्या मातीत लावू. अक्कांचं झाड आहे ते."

"आन् ही माती?"

"ही... वेगळी ठेवू. किंवा असं करू, मातीही ठेवू. नळाला पाणी आलं की गोडं पाणी भरपूर सोडू. दोन-चारदा सोडलं की मीठ खालच्या भोकातून निघून जाईल."

"निघून कुटं जाईल?"

"गच्चीच्या पाइपातून खाली."

"खाली कुटं, सर?"

तो पाइप घरामागच्या गटारीत उतरत होता.

"तिला गटारीत सोडू?" अप्पांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. मी कुंडीखाली परात ठेवू म्हणालो, ते पाणी नदीला नेऊन सोडू म्हणालो, काय काय बडबडलो. ते मान हलवत राहिले. ती माती तिथंच राहणार होती. झाडही त्यांना हवं होतं. दोन्ही एका कुंडीत राहू शकत नाहीत, हे त्यांनीच मला शिकवलेलं, आणि तेच त्यांना मान्य होत नव्हतं.

मग त्यांनी त्या झाडासाठी जे केलं ते आठवलं की अजून जीव तुटतो. सावलीला जाळी बांधली. स्वतःच्या पिण्याचं पाणी त्याला घातलं. आणि रोज काही ना काही विकत आणायला लागले. टॉनिकच्या बाटल्या, रंगीत दाणे, ज्याचं नाव काढलेलं खपत नव्हतं तो युरियासुद्धा. शेणखताचं एक पोतं आणलं, त्यात मी हात घालून पाहिला तर आतून भट्टी. एका संध्याकाळी कुंडीशेजारी हाडांच्या चुऱ्याचा पुडा फोडलेला दिसला. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तोंड फिरवलं.

तो दुकानदार मला रस्त्यात भेटला. म्हणाला, "सर, अप्पांचं काय बिनसलंय? परवा आले तवा मी आपणहून पंखा लावलो त्यांच्यासाठी. बसले बी न्हाईत. जे पुढं केलो ते घेतले आन् गेले. मला लई वंगाळ वाटलं बघा."

मोगरा पाण्यात उभा राहून तहानेनं मरत होता. खालून एक फांदी वाळायची, मग शेजारची. अप्पा वाळलेली फांदी कात्रीनं कापायचे आणि खिशात ठेवायचे. मला वाटायचं, आज तरी म्हणतील, काढा ही माती. रात्रंदिवस बघत होतो. म्हणाले नाहीत. शेवटी मधलं खोडही नखानं खरवडलं तर आत हिरवं काही राहिलं नव्हतं. त्या दिवशी ते खाली जेवायला गेले नाहीत. मी वरूनच भात-आमटी वाढून दिली. त्यांनी दोन घास खाल्ले आणि ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "मीठ लई झालंय, सर." मी मीठ घातलंच नव्हतं.

एकटं राहणं त्यांना जमणार नाही हे सगळ्यांना दिसत होतं. मुलगी गाडी घेऊन न्यायला आली. पुण्यात तिचं घर बाराव्या मजल्यावर, गॅलरी मोठी, तिथं अप्पांनी बाग करावी म्हणून तिनं जागा मोकळी केलेली. अप्पांनी सगळ्याला हो म्हटलं. हत्यारं मला देऊन टाकली, माझ्या दारात ठेवून. मी नको म्हणत होतो, पण ते ऐकायला थांबले नाहीत. सामान म्हणून एक पिशवी झाली. मग ते वर आले आणि कुंडी उचलून जिना उतरायला लागले.

"अप्पा, वाळलेलं झाड कशाला न्यायालाव?" मुलगी खालून म्हणाली. "तिथं जाऊन नवं घेऊ की."

अप्पा पायरीवर थांबले. कुंडी खाली ठेवली. मोगऱ्याचं खोड मुठीत धरलं आणि एका हिसक्यात उपटलं. ते सहज निघालं, मुळं कुजून गेली होती. मुळांना चिकटलेली माती त्यांनी बोटांनी पुसून पुसून, कणन् कण कुंडीत परत घातली. मग ते झाड, अक्कांनी माहेराहून ओल्या फडक्यातून आणलेलं, जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून दिलं आणि नुसत्या मातीची कुंडी घेऊन गाडीत जाऊन बसले. मांडीवर ठेवली. मुलीनं डिकीत ठेवू म्हटलं, तर नाही म्हणाले.

मी गाडीपाशी उभा होतो. मुलगी दार लावता लावता माझ्याजवळ आली. डोळे पुसलेले, पण आवाज उत्साहाचा. बापाला आता बरं वाटेल अशी तिची खात्रीच झाली होती. आईला ती अव्वा म्हणायची.

"सर, तुमाला अप्पांनी सगळं शिकवलंय. अव्वाच्या मातीत आता काय लावू? छान फुलणारं काही तरी सांगा. म्हंजे अव्वाच पुन्हा आल्यागत वाटंल त्यांना. आन् खत कुठलं घालू?"

अप्पांच्या बाजूची काच उघडी होती. त्यांनी ऐकलं होतं. कुंडीवरचे हात तसेच ठेवून ते माझ्याकडे बघत होते. त्या मातीत आता गवताचं पातं उगवणार नव्हतं, ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. त्या पोरीला मात्र नव्हतं.

"मोगराच लावा," मी म्हटलं. "शेणखत घाला. जुनं बघून घ्या."

ती मान डोलावून गाडीत बसली. अप्पांनी माझ्यावरची नजर काढली, कुंडीतल्या मातीवरून एकदा तळवा फिरवला आणि तिला म्हणाले, "चाळून घाल, पोरी. खडा राहू देऊ नको."